आधी गोडी की आधी जमणं?

प्रश्न: मी या वर्षीच शिकवायला लागले. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना गणित शिकवते. लहानपणापासून शिक्षिकाच व्हायचं होतं, त्यामुळे नोकरी लागली तेव्हा आनंदाला पारावार नव्हता. आता मात्र सकाळी शाळेत जाताना पोटात गोळा येतो. मुलांना विषयाची गोडी लागावी म्हणून मी गोष्टी सांगते, खेळ घेते, चांगलं काम केलं की वहीवर तारे देते. सुरुवातीला मजा आली. आता तारा मिळणार असेल तरच हात वर येतात, तेही त्याच पाच-सहा मुलांचे. मागच्या बाकांवरची मुलं वहीसुद्धा उघडत नाहीत. ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि चाचणीत कोरे कागद येतात. जुने सहकारी म्हणतात, ‘तुम्ही फार मऊ आहात, पहिले काही महिने हसूच नका.’ मला ओरडायला आवडत नाही. तरी ओरडते आणि घरी गेल्यावर वाईट वाटतं. मुलांना प्रेरणा कशी द्यायची? आणि मी या कामासाठी आहे तरी का?
– एक नवी शिक्षिका

उत्तर:

प्रिय मॅडम,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते. पहिल्याबद्दल सरळच सांगते: प्रेरणा द्यायचं काम सध्या बाजूला ठेवा. आधी गोडी लागेल आणि मग मुलं अभ्यास करतील, असं धरून तुम्ही चालला आहात. वर्गात मी इतकी वर्षं पाहिलं ते याच्या उलट आहे. बहुतेक मुलांना आधी थोडंसं जमतं, जमल्याचं त्यांचं त्यांना दिसतं आणि मग ती विषयाकडे वळतात. जो मुलगा दोन-तीन वर्षं गणिताच्या तासाला काहीच न कळता बसून आहे, त्याला तुमची गोष्ट आवडेल, खेळही आवडेल. पण फळ्यावर उदाहरण आलं की तो परत होता तिथंच. अशा मुलाला गणिताचा कंटाळा आहे असं आपण म्हणून मोकळे होतो. तो कंटाळलाय दरवेळच्या न जमण्याला. वही न उघडणं ही त्याची अब्रू वाचवायची सोय आहे. वही उघडली नाही तर लोक म्हणतील, ‘केलं नाही.’ उघडली आणि चुकलं तर म्हणतील, ‘येत नाही.’ बाराव्या वर्षी कुणीही पहिलंच पत्करेल.

म्हणून मागच्या बाकांवरच्या मुलांसाठी तुमचा रोजचा प्रश्न एकच असू द्या: आजच्या तासात याला खरोखर जमेल असं काय आहे? उगाच सोपं नको. सोपं करून दिलंय हे मुलांना लगेच कळतं आणि अपमानासारखं लागतं. हात लांबवला की पोचेल, इतपत हवं.

तुमच्याच विषयातलं घ्या. फळ्यावर १/३ + १/४ लिहिलंय. बऱ्याच वह्यांमध्ये उत्तर येतं २/७. वरचे मिळवले, खालचे मिळवले, झालं. आपण लगेच म्हणतो, ‘चूक! छेद सारखे कुठे केलेस?’ आणि रीत पुन्हा सांगतो. मुलं रीत उतरवून घेतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा २/७ हजर. त्याऐवजी ते उत्तर फळ्यावर तसंच राहू द्या आणि विचारा, ‘१/३ मोठं की २/७?’ पटकन उत्तर येणार नाही. मग म्हणा, ‘१/३ म्हणजेच २/६. एका पट्टीचे सहा भाग करून दोन घेतले आणि तेवढ्याच पट्टीचे सात भाग करून दोन घेतले, तर जास्त कुठे?’ सातांतला प्रत्येक भाग लहान, तेव्हा २/७ लहान. आता गप्प राहा. कुणीतरी बोलेलच: ‘बाई, आपल्याकडे १/३ होतं, त्यात भर घातली आणि कमी झालं?’

इथं कुणालाच रीत आठवावी लागली नाही. गेल्या वर्षीचं काही येत नसलं तरी चालतं, म्हणून मागच्या बाकावरचा मुलगाही यात बोलू शकतो. उत्तर चुकीचं आहे हे तुम्ही सांगायच्या आधी त्यांनी स्वतः पकडलं, की मग बरोबर उत्तर कसं काढायचं हा प्रश्न त्यांचा होतो. यापुढे तुम्ही रीत सांगितलीत तर ती ऐकली जाते.

त्यानंतरची उदाहरणंही त्याच विचारानं लावा. आधी १/२ + १/४, मग १/३ + १/६. या दोन्हींत एकच छेद बदलावा लागतो. १/३ + १/४ त्याच्या नंतर, कारण तिथं दोन्ही बदलावे लागतात. पाठ्यपुस्तकातला क्रम तुमच्या वर्गासाठी लावलेला नसतो, तो मोडायला कचरू नका. एका पायरीवर एकच नवी गोष्ट आली तर मूल चुकलं तरी नेमकं कुठे अडलं ते दोघांनाही दिसतं. गणितात तर हे फार महत्त्वाचं, कारण तिथं एक दुवा निसटला की पुढचं सगळं नुसतं पाठांतर होतं.

मुलं सोडवत असताना वर्गात फिरा. मागच्या बाकावरच्या कुणाच्या वहीत एक उत्तर बरोबर दिसलं की हळूच सांगा, ‘हे मी आता तुला विचारणार आहे.’ आणि मग खरंच विचारा. सगळ्यांसमोर बरोबर बोलायची पहिली संधी त्याला खात्रीची मिळू द्या. याला कुणी फसवणूक म्हणेल. मी म्हणणार नाही, उत्तर त्याचं स्वतःचंच आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. जी मुलं वही उघडत नाहीत, त्यांना फळा दिसतो का? शाब्दिक उदाहरण एकटं बसवून मोठ्यानं वाचायला सांगितलं तर वाचता येतं का? गणितात मागे पडलेली कितीतरी मुलं वाचनात अडलेली असतात, आणि हे तुम्हाला चाचणीच्या कागदावर कधीच दिसणार नाही. असं मूल सापडलं तर पालकांशी बोला, वर्गशिक्षकांशी बोला, गरज वाटली तर डोळे तपासून घ्यायला किंवा अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञांकडे जायला सांगा. तिथं तुमच्या गोष्टींनी आणि ताऱ्यांनी काही होणार नव्हतं, त्यात तुमचा दोष नाही.

ताऱ्यांचं म्हणाल तर तुमच्या वर्गात झालं ते नवं नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं, फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अवचित तेच दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत कोण किती रमतं ते पाहिलं, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्या रंगांपाशी होती. ज्यांचं अवचित कौतुक झालं त्यांची आवड मात्र घटली नव्हती.

तेव्हा कौतुक जरूर करा, बोली करू नका. ज्याला अजिबातच रस नाही त्याला पहिलं पाऊल टाकायला एखादं छोटं बक्षीस कधी उपयोगी पडतं, तेही मी पाहिलंय. पण ते लवकर सुटलं पाहिजे. तुमचे तारे उद्यापासून बंद केलेत तर मुलांना फसवल्यासारखं वाटेल. या महिन्याच्या शेवटी ते थांबतील असं सांगून टाका. आणि तोंडी कौतुक करताना ‘छान’, ‘हुशार आहेस’ यापेक्षा नेमकं बोला: ‘तू उत्तर आल्यावर ते १/३ पेक्षा मोठं आहे का ते बघितलंस.’ एवढं ऐकल्यावर मुलाला उद्या पुन्हा काय करायचं ते कळतं.

आता ‘समजलं का?’ हा प्रश्न. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, तो वर्गातून काढून टाका. त्याला ‘नाही’ म्हणायला तीस-चाळीस जणांसमोर उघडं पडावं लागतं. शिवाय मुलं खोटंही बोलत नसतात. फळ्यावर तुम्ही सोडवताना त्यांना खरंच समजल्यासारखं वाटतं. त्याजागी एक प्रश्न द्या आणि प्रत्येकाला पाटीवर किंवा कच्च्या कागदावर उत्तर लिहून एकदम वर धरायला लावा. अर्ध्या मिनिटात तुम्हाला अख्खा वर्ग वाचता येतो: किती जणांचं बरोबर, किती जणांचं २/७, आणि किती जण शेजारच्याचं बघून लिहितायत. पुढे जायचं की थांबायचं, ते त्या पाट्या ठरवतील.

तोंडी विचारलंत तर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गांमधल्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारतात आणि साधारण एका सेकंदात उत्तर आलं नाही की पुढे सरकतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं त्यांना दिसलं. हेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं की मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं आणि ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वाचताना काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहिल्यावर ती शांतता अंगावर येते, आणि नव्या शिक्षकाला तर वाटतं आपलाच प्रश्न फसला. मनात आकडे मोजा. त्याच पाच-सहा जणांचे हात वर येणं पुष्कळसं इथंच थांबतं, कारण तुमच्या घाईत फक्त सगळ्यात वेगवान मुलंच टिकत होती.

‘हसूच नका’ या सल्ल्याबद्दल. तुमचे सहकारी तुमच्या भल्यासाठीच सांगतायत, पण मला तो पटत नाही. जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वर्गांचं चित्रीकरण करून शिस्तीचा बारकाईनं अभ्यास केला. १९७० साली तो प्रसिद्ध झाला. शिक्षक मुलांना रागावतात कसे, कडक की मऊ, यावरून वर्ग किती शिस्तीत राहील हे सांगता येईना. फरक पडत होता तो गडबड व्हायच्या आधीच्या वागण्यानं. ज्यांचे वर्ग नीट चालतात, त्या शिक्षकांना वर्गाच्या सगळ्या कोपऱ्यांत काय चाललंय हे ठाऊक असतं आणि ते ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक असतं, एकाशी बोलताना दुसरीकडे लक्ष असतं, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना तास रेंगाळत नाही. ही सगळी शिकता येण्याजोगी कसबं आहेत. त्यासाठी चेहरा दगडी ठेवायची गरज नाही. मनापासून हसा.

कडकपणा लागतोच. तो रोजच्या शिरस्त्यात असू द्या, आवाजात नको. तास सुरू व्हायच्या आधी दारात उभ्या राहा, एकेकाला नावानं हाक मारा. फळ्यावर आधीच चार छोटे प्रश्न लिहिलेले असू देत: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा, आणि एक आज लागणारा. आत आलं, वही काढली, सोडवायला लागलं, रोज हेच. पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे सांगावं लागलं नाही, की ओरडायचे निम्मे प्रसंग आपोआप टळतात. या चार प्रश्नांना गुण देऊ नका. त्यांचा दुसराही फायदा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की एखादा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे असतात ते, ज्यांनी न बघता आठवून लिहायचा सराव केला होता. तुमच्या मुलांना आज येतं आणि चाचणीत येत नाही, त्याचं एक कारण हेही असणार. शिकवलेलं आठवायची वेळ त्यांच्यावर एकदम परीक्षेतच येते.

सूचना देताना चालू नका, कागद वाटू नका. एका जागी उभ्या राहा, सगळे गप्प झाल्यावर बोला आणि एका वेळी एकच सूचना द्या. गोंगाटावरून आवाज चढवलात तर गोंगाटात बोललेलं चालतं एवढंच मुलं शिकतात. एखाद्याला टोकायचं असेल तर त्याच्या बाकापाशी जा, त्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगा आणि तिथून लगेच पुढे चला. तिथंच उभ्या राहून त्याच्याकडे बघत राहिलात तर त्याला सगळ्यांपुढे माघार घ्यावी लागेल आणि तो घेणार नाही. दोघांच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा तर कधीच नको. ज्या मुलांनी तुमचं ऐकलं होतं तीच तुमच्यापासून तुटतात. आणि काल ज्याच्यावर चिडला होतात, त्याला आज दारात इतरांसारखंच नावानं हाक मारा. कालचं आजवर नेलं जात नाही, हे मुलांना प्रत्यक्ष दिसायला हवं.

वह्या तपासण्यात रात्री घालवत असाल तर ते कमी करा. प्रत्येक वहीतलं एकच उदाहरण नीट बघा आणि गुणांऐवजी एक प्रश्न लिहा. रूथ बटलर या संशोधक बाईंच्या १९८८च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि रस दोन्ही वाढले. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा हा फायदा दिसला नाही. हे वर्गात रोज दिसतं: वही हातात पडली की मूल आधी आकडा शोधतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि वही मिटते. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला दुसऱ्या दिवशी वर्गातच पाच मिनिटं द्या, नाहीतर तो प्रश्न कुणी वाचणार नाही.

टाचणाबद्दल एवढंच: ‘मी काय सांगणार’ याऐवजी ‘मुलं काय करत असतील’ हे लिहा. दर दहा मिनिटांसमोर एक ओळ पुरे. जिथं सलग वीस मिनिटं ‘ऐकत असतील’ असं येतं, तिथं गडबड होणार हे आदल्या रात्रीच कळतं.

आणि ज्या सहकाऱ्यांच्या वर्गात मुलं नीट काम करतात, त्यांच्या तासाला एकदा मागे बसायची परवानगी मागा. पहिली पाच मिनिटं बघा, ते कुठे उभे राहतात, कागद कसे वाटतात, कुणाकडे बघतात. मला खात्री वाटते, ‘हसू नका’ म्हणणारे तुमचे सहकारी स्वतः वर्गात भरपूर हसत असतील. मुलं त्यांचं का ऐकतात हे त्यांनाही नेमकं सांगता येत नाही, कारण ते अंगवळणी पडलंय. तुम्हाला ते बघावं लागेल. मग त्यांनाही तुमच्या तासाला बोलवा, पण ‘कसं वाटलं सांगा’ म्हणून नको. एकच काम द्या: ‘मी कोणाकोणाला प्रश्न विचारले, तेवढ्या नावांसमोर खुणा करा.’ तो कागद हातात आल्यावर काय बदलायचं हे कुणी सांगावं लागणार नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. पहिल्या वर्षी सकाळी पोटात गोळा येणं, सगळ्यात वाईट तासावरून स्वतःला जोखणं, हे बहुतेक शिक्षकांच्या वाट्याला येतं. या कामात पहिल्याच दिवशी अनुभवी माणसाइतकीच जबाबदारी अंगावर पडते, तीही दार बंद करून, एकट्यावर. त्यावरून तुम्ही या कामासाठी आहात की नाही हे ठरत नाही, आणि आता ठरवूही नका. एक वर्ष पूर्ण होऊ द्या. पुढच्या वर्षी तोच अपूर्णांकांचा धडा पुन्हा शिकवाल तेव्हा मुलं कुठे चुकणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल, आणि तो तास तुम्हाला वेगळा जाणवेल. मुलांमध्ये असणंच चांगल्या दिवशीसुद्धा नकोसं वाटत असेल, तर दुसरं काम शोधण्यात काहीही कमीपणा नाही. तुमच्या पत्रात मला तसं दिसलं नाही. ‘हो’ म्हणणाऱ्या वर्गाचे कागद कोरे आहेत हे तुमच्या लक्षात आलं आणि ते तुम्हाला बोचलं. पण काळजी तेवढ्यानं मिटत नाही: रात्रीची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरांकडे जा, घरच्यांना सांगा, एकटीनं सोसू नका. घसाही जपा, ओरडून बसलेला आवाज शिक्षकाला परवडत नाही.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. येत्या सोमवारपासून फक्त दारात उभं राहणं आणि फळ्यावरचे चार प्रश्न. मुलांना मोकळेपणानं सांगा, की आजपासून तास असा सुरू होणार. ते अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे जातील, मधे एखादा दिवस सगळं विस्कटेल, तरी दुसऱ्या दिवशी तसंच सुरू करा. मग पाट्या वर धरणं आणा. तोवर ताऱ्यांचा महिना संपलेला असेल. मागच्या बाकांवरच्या एकाच मुलाची वही आधी निवडा, सगळ्यांच्या नको, आणि त्याला रोज काय जमलं ते स्वतःसाठी दोन शब्दांत टिपत जा. पुढचं पत्र लिहाल तेव्हा ती वही समोर ठेवा आणि त्याची एखादी चूक जशीच्या तशी उतरवून पाठवा. तो त्या उत्तरापर्यंत कसा पोचला असेल, यावर आपण दोघी मिळून विचार करू.